हैद्राबादेतली येळवस

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, फोनवर एकच विषय सुचतो, तो म्हणजे पाऊस. आमचं गाव लातूरकडं, जळकोटच्या बाजूला. लग्न होऊन मी हैद्राबादला आले तेव्हापासून दोन-चार दिवसांआड त्यांचा फोन येतो. आपल्या शिवारात किती पडला, ओढा कुठवर आला, शेजारच्या शिवारात धो धो पडून आपल्या बांधावरून कसा मागं फिरला, हे सगळं सविस्तर सांगून झालं की, "बरी हायस का? जेवलीस का? ठेवतो." फोन बंद. पाऊस नसला तर तो नाही हे सांगायला फोन येतो.

एकदा मी मध्येच म्हणाले, "अण्णा, आमच्याकडंही कालपासून लई चाललाय."

"तुमच्या पावसाला काय करायचं?" ते म्हणाले. "डांबरावर पडतो अन् गटारीत जातो."

मला असा राग आला म्हणून सांगू! माझं इथं घर आहे, नोकरी आहे, गॅलरीत तुळस आहे, खालचा भाजीवाला मला बघून कोथिंबीर जास्त टाकतो. पण अण्णांच्या लेखी मी म्हणजे गाडीची वाट बघत स्टँडवर बसलेली बाई. इतक्या वर्षांत ते दोनदाच आले, आणि दोन्ही वेळा रात्रीपुरते. चपला दाराशी गावाकडं तोंड करून ठेवायचे आणि सकाळी चहा पिऊन निघायचे. रानात काम आहे म्हणायचे. रानात काम नसतं असा दिवस मी तरी कधी पाहिलेला नाही.

म्हणून यंदा नाताळच्या सुट्टीत मी हट्टच धरला. अण्णा, आई आणि अण्णांची मोठी बहीण, म्हणजे आमची आत्या, तिघांनी यायचं आणि आठवडाभर राहायचं. माणूस एका घरात आठवडाभर झोपला की ते घर त्याला ओळखीचं होतं, एवढाच माझा हिशेब होता. भावानं दोन महिने आधीच जाण्यायेण्याची तिकिटं काढली. अण्णा चक्क हो म्हणाले, कारण गाव हैद्राबाद होतं. त्यांच्या मते मुंबई ही मंत्र्यांची राजधानी, दिल्ली ही टीव्हीची आणि आपली म्हणाल तर हैद्राबाद. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात कोर्टाच्या तारखेला इथं यायचे. तो खटला हरल्याचं दुःख आमच्या घरात कुणालाच नाही, पण राजधानी बघितल्याचा रुबाब अजून चालू आहे.

तिघं आले ते ज्वारीच्या पिठाचं पोतं घेऊन. मी म्हणाले, "आत्या, इथं कोपऱ्याकोपऱ्यावर ज्वारीच्या भाकरी विकायला असतात." आत्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं आणि पोतं माझ्या कपड्यांच्या कपाटात ठेवलं. अजूनही माझ्या दोन साड्या झटकल्या की पीठ उडतं.

पहिल्या दिवशी चारमिनार ठरला. सकाळी निघायचं होतं, पण आत्याची लिंगपूजा झाल्याशिवाय ती पाणीही पीत नाही, आणि पूजा झाल्यावर तिला नाश्ता, पान आणि थोडं पडायला लागतं. त्यामुळं आम्ही भर गर्दीच्या वेळेला पोचलो. अण्णांनी कमरेवर हात ठेवून चारमिनार खालपासून वरपर्यंत बघितला.

"आत कोण राहतंय?"

"कुणी नाही अण्णा. बघायचं असतं."

"कंधारच्या किल्ल्याला खंदक हाय," अण्णा म्हणाले. "ह्याला काय हाय? रिक्षा."

तिकडं आत्या बांगड्यांच्या गल्लीत शिरली होती. तिची दखनी उर्दू ऐकून दुकानदार इतका खूश झाला की त्यानं तिला स्टूल दिलं, चहा मागवला आणि स्वतःच्या सुनेच्या तक्रारी सांगितल्या. आत्यानं त्याला सुनेशी कसं वागायचं ते समजावलं आणि काहीही न घेता उठली. तो तरीही हात हलवत होता.

घोटाळा संध्याकाळी झाला. आई स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि तिची नजर फ्रिजच्या बाजूच्या कॅलेंडरवर पडली.

"आवो," ती आतूनच ओरडली, "परवा येळवस हाय!"

इथं बाहेरच्यांसाठी थोडं सांगावं लागेल. वेळ अमावस्या, आमच्या भाषेत येळवस. त्या दिवशी लातूरकडचं झाडून सगळं माणूस रानात असतं. कडब्याची कोप, म्हणजे लहानसं खोपट, घालायची, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, ताकात आंबवलेली ज्वारीची आंबील उभ्या पिकावर शिंपडायची आणि मग भज्जी, म्हणजे हिरव्या शेंगांची मिसळ भाजी, वाफवलेले उंडे, धपाटे, खीर असं जेवायचं की संध्याकाळपर्यंत उठता येऊ नये. लातूर शहरात त्या दिवशी संचारबंदी लागल्यागत रस्ते रिकामे असतात. येळवस कधी आहे हे आमच्याकडं कुणी कॅलेंडरात बघत नाही. गावात आपोआप कुणकुण सुरू होते, बायका भाज्या निवडायला लागतात आणि ते कळतं. पण तिकिटं दोन महिने आधी काढली होती, आणि तेव्हा गावात कुणकुण नव्हती.

माझ्या नवऱ्याचं गाव पुण्याकडचं. तो उत्साहानं म्हणाला, "येळवस म्हणजे हुरडा पार्टीच ना?"

जावई म्हणून तो वाचला.

अण्णा उठले, पिशवी काढली आणि त्यात धोतर कोंबायला लागले. "रातच्या गाडीनं जातो," म्हणाले. "जन्मात एक येळवस चुकली न्हाई माझी." मी गाड्या बघितल्या. सुट्टीमुळं सगळ्या भरलेल्या. एसटी भरलेल्या. अण्णा म्हणाले, उभं राहून जातो. एवढ्यात भावाचा फोन आला. त्यालाही त्याच दिवशी कळलं होतं. "अण्णा, तुम्ही काळजी करू नका, मी करतो की समदं," तो म्हणाला.

त्यानं चांगल्या मनानं सांगितलं, पण अण्णांचा चेहरा पडला. मी बाजूलाच होते, मला दिसला. आपल्याशिवाय येळवस होणार नाही या भीतीपेक्षा, आपल्याशिवाय ती व्यवस्थित होईल ही भीती मोठी होती. मला त्यांची फार दया आली आणि माझीही आली, कारण दुसऱ्याच दिवशी हा माणूस कशाला तरी लटकून का होईना पण जाणार, आणि पुन्हा माझ्या घरी राहायला येणार नाही, हे मला दिसत होतं.

सोडवणूक आत्यानं केली. ती सोफ्यावर मांडी घालून बसली होती.

"कामून नाचून राहिलास रे?" ती अण्णांना म्हणाली. "ज्याला रान न्हाई त्यानं काय करायचं येळवशीला?"

"दुसऱ्याच्या रानात जायचं," अण्णा पुटपुटले.

"आवतन लागतंय का?"

"न्हाई."

"मंग? एवढ्या मोठ्या राजधानीत एक रान गावंना व्हय?"

ही आमच्याकडची रीत खरीच आहे. येळवशीला बिनबोलावता कुणाच्याही रानात जावं, आणि मालकानं आलेल्याला जेवू घातल्याशिवाय सोडू नये. रीत चांगली आहे, फक्त ती हैद्राबादला कळवायची राहिली होती. पण अण्णांनी धोतर पिशवीतून काढलं. "उद्या बघू," म्हणाले. "गावलं तर राहतो. न्हाईतर सांजच्याला निघतो." म्हणजे माझं सगळं आता एका रानावर येऊन ठेपलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्थलदर्शनाला निघालो ते जमीन बघायला निघाल्यासारखे. आधी तलावाकाठच्या बागेत गेलो. मला वाटलं, माती आहे, हिरवळ आहे, कुठंतरी कोपऱ्यात भागेल. अण्णा फाटकातून आत गेले आणि जागच्या जागी थांबले.

"ही हरळी हाय," ते म्हणाले.

"अण्णा, ते लॉन आहे."

"लॉन? अगं हरळी हाय ही! माझा बाप हरळी खणून खणून म्हातारा झाला. अन् हे लोक तिला पाणी घालून राहिलेत?"

तिथं पाटी होती, हिरवळीवर चालू नये. मी ती वाचून दाखवली, ही माझी चूक. अण्णांना वाटलं आपली चेष्टा चालली आहे. हरळीला जपणारं सरकार ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसेना. ते खाली बसले आणि सवयीनं उपटायला लागले. एक धाट ओढलं की हातभर मुळी निघायची. "बघ, बघ कुठवर गेली!" म्हणून मला दाखवायचे. आत्यानंही पदर खोचला. रखवालदार शिट्टी वाजवत पळत आला तोवर दोघांनी मिळून बऱ्यापैकी तुकडा मोकळा केला होता. अण्णांनी त्याला शांतपणे सांगितलं की आत्ताच काढली नाही तर पुढच्या वर्षी सगळं रान खाईल. त्यानं आम्हाला बाहेर काढलं.

मग गोवळकोंडा. तिथं दरवाज्याखाली टाळी वाजवली की पार वर ऐकू येते, हे दाखवायची मला भारी हौस. मी आईला आणि अण्णांना घेऊन वर चढले, आत्या गुडघ्यांमुळं माझ्या नवऱ्याबरोबर खाली थांबली. ठरल्याप्रमाणं तिनं टाळी वाजवली. वर स्पष्ट ऐकू आली. आसपासचे लोक वा वा म्हणाले. अण्णा मात्र गडावरून चारी बाजूंना बघत होते.

"इथनं सुदिक दिसंना," ते म्हणाले.

"काय?"

"ज्वारी."

खरंच नव्हती. जिथवर नजर जाईल तिथवर इमारती. मी इतकी वर्षं हे बघून अभिमानानं सांगत आले होते की माझं शहर किती मोठं आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं, एखादा एकर कमी असता तर काय बिघडलं असतं? खालून आत्या टाळ्यांवर टाळ्या वाजवत होती. तिला वर यायचं नव्हतं, आम्ही खाली यावं असं तिचं म्हणणं होतं, आणि तेही स्पष्ट ऐकू आलं.

दमूनभागून घरी आलो. अण्णा गॅलरीत जाऊन उभे राहिले. पिशवी भरून दाराशी होती, चपला गावाकडं तोंड करून. मी चहा ठेवला, पण माझं लक्ष नव्हतं, मी दोनदा साखर टाकली.

"ये पोरी," गॅलरीतून हाक आली. "हे कुणाचं रान हाय?"

आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागून एक मोकळा प्लॉट आहे. दोन मालकांचा त्यावर वाद चालू आहे, तशी पाटी आहे. आम्ही तिकडं कचरा टाकू नये म्हणून सोसायटीची वेगळी पाटी आहे. मी रोज त्या पाट्याच बघत होते. पाट्यांच्या मागं आमच्या वॉचमनच्या बायकोनं मक्याच्या चार ओळी, तुरीची दहा-बारा झाडं, वाल आणि अंबाडी लावलेली होती. मला ते झुडूप वाटायचं.

"तूर लई ब्येस हाय," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

आत्या खाली गेली. वॉचमनची बायको तेलुगू बोलणारी, आत्याचं तेलुगू उदगीरच्या बाजारात शिकलेलं, फक्त भाव करण्यापुरतं. दोघी कुंपणाशी अर्धा तास हातवारे करत होत्या. वर आल्यावर आत्यानं जाहीर केलं, "हाव म्हणली. पर काय हाव म्हणली ते तिला कळलं न्हाई."

मग घरात जी धावपळ उडाली तिला तोड नाही. ताक आणलं, ज्वारीचं पीठ कपाटातून निघालं, आंबील लावली. रस्त्यावरच्या माठवाल्याकडून मडकं आणलं. पहाटे आईनं आणि आत्यानं माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. भज्जीत सगळ्या हिरव्या शेंगा पडल्या पाहिजेत म्हणून नवरा भाजीवाल्याच्या दारात त्याच्या आधी जाऊन उभा राहिला. उंडे वाफवायला माझं इडलीपात्र घेतलं. आत्या म्हणाली, बरं हाय, हैद्राबादला काहीतरी कामाचं मिळतंय.

कोपीला कडबा नव्हता. वॉचमनच्या बायकोनं मक्याची वाळकी ताटं दिली आणि मी कपडे वाळत घालायचा स्टँड. त्याच्यावर ताटं रचून अण्णांनी अशी ऐसपैस कोप घातली की आत दोन माणसं बसावीत. पाच पांडव कोपऱ्यातल्या राड्यारोड्यात सापडले. कुणाच्यातरी ओट्याचे ग्रॅनाइटचे तुकडे. "ह्या खेपेला पांडव पॉलिश केलेले हायेत," असं म्हणून अण्णांनी त्यांना चुना लावला. चुना आत्याच्या पानाच्या डबीतला.

आंबिलीचं मडकं डोक्यावर घेण्याचा मान जावयाला मिळाला. तो घोंगडीची चुंबळ करून, मडकं डोक्यावर धरून लिफ्टमध्ये उभा राहिला आणि मधल्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी आत आले. निवृत्त, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी मडक्याकडं बघितलं. नवरा म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर." लिफ्टला हिसका बसला आणि थोडी आंबील सरांच्या बुटांवर सांडली. मागून आत्यानं त्यांना धीर दिला, "शुभ असतंय."

खाली अण्णा डोक्याला टॉवेल बांधून तयार होते. पूजा झाली. मग हातात मडकं घेऊन, आंब्याच्या डहाळीनं आंबील शिंपडत ते प्लॉटभर फिरायला लागले, आणि मोठ्यानं ओरडायला लागले, "ओलगे ओलगे..." मागून आम्ही सगळे. तुरीवर शिंपडलं, मक्यावर शिंपडलं, वादाच्या पाटीवरही शिंपडलं. सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. कानडी बोलणाऱ्या एका शेजारणीनं वरून विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हणाले, तुम्हालाच माहीत असणार, भाषा तुमची आहे. तिलाही धड सांगता येईना. अण्णा म्हणाले, पिकाला कळतंय, बास झालं.

तेवढ्यात सेक्रेटरी बूट बदलून आले. परवानगी कुणाची घेतली? हा प्लॉट वादातला आहे. मी तोंड उघडणार तोच अण्णा पुढं झाले. त्यांच्या दृष्टीनं रानात पाहुणा आला होता.

"या साहेब, या! टायमावर आलात. बसा."

त्यांना काही कळायच्या आत चटईवर बसवलं होतं आणि पुढ्यात भज्जी, उंडे, धपाटा आला होता. त्यांनी नको नको म्हणत एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग त्यांनी फोन करून बायकोला खाली बोलावलं. मग लिफ्टचा माणूस आला, इस्त्रीवाला आला, वरची शेजारीण आली. आत्या येईल त्याला हाताला धरून बसवत होती. वॉचमनची बायको लांब उभी होती. अण्णांनी आंबिलीचा पहिला पेला तिला दिला होता, मालकीण म्हणून. ती हसत सांगत होती की मी मालकीण नाही. अण्णा मराठीत म्हणाले, "खरे मालक दोघं हायेत म्हणं. मंग येळवशीला एक तरी यायला पायजे होता जेवायला."

दुपारी भावाचा व्हिडिओ फोन आला. आमचं गावचं रान, मोठी कोप, गर्दी. भाऊ आंबील घेऊन फिरत होता. सगळं नीट चाललं होतं. अण्णा बघत राहिले. मला धाकधूक झाली.

"डोक्याला टॉवेल कुठं हाय त्याच्या?" एवढंच ते म्हणाले. मग फोन माझ्या हातून घेऊन आमच्या कोपीकडं वळवला. "हे बघ. तुझे पांडव दगडाचे हायेत, माझे ग्रॅनाइटचे."

त्या संध्याकाळी पिशवी रिकामी झाली. अण्णा आठवडाभर राहिले. मी प्राणिसंग्रहालय सुचवलं, संग्रहालयातलं टोले देणारं घड्याळ सुचवलं. "वाघ बघून काय करू? तुरीला अळी लागलीय," म्हणाले आणि सकाळी चहा घेऊन जे कुंपणापलीकडं जायचे ते जेवायला वर यायचे. आई आणि आत्याला मी एकटीनं वाघ दाखवला. मी इतकी चिडले! माझ्या घरी राहावं म्हणून बोलावलं आणि हे रोज रानात जातायत, म्हणजे गावात काय वेगळं होतं? निघताना त्यांनी मला फारसं काही सांगितलं नाही. वॉचमनच्या बायकोला मात्र तुरीबद्दल बराच वेळ काहीतरी समजावलं, मराठीत.

परवा फोन आला. गावाकडं अवकाळी झाला होता. किती पडला, कुणाचा हरभरा झोडपला, वीज कुठं पडली, सगळं सांगून झालं. मी "ठेवतो"ची वाट बघत होते.

"तुझ्याकडं झाला का?" अण्णांनी विचारलं.

मी भेंडी चिरत होते. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. मला रडू आलं आणि ते त्यांना कळू नये म्हणून मी म्हणाले, "रात्री थोडा झाला."

"ओल किती हाय?"

"थांबा, बघून सांगते."

फोन कानाला तसाच धरून खाली गेले, कुंपणाच्या फटीतून आत शिरले, तुरीच्या बुडाशी बसले आणि मातीत बोट खुपसलं.

"दोन पेरं हाय अण्णा."

"मंग बास," ते म्हणाले, आणि त्या दिवशी जेवलीस का ते विचारायला विसरले.